आंब्याला विमा, घराला नाही

कोकणात आंब्याला विमा आहे, काजूला आहे, भाताला आहे. कर्ज काढून म्हैस आणली असेल तर तिच्या कानात विम्याचा बिल्ला असतो. दारातल्या स्कूटरला विमा आहे, कारण तो नसेल तर नाक्यावर पोलीस बाजूला घेतात. राहतं घर तेवढं उघडं. वाशिष्ठीच्या काठावर २००५ साली पाणी आलं, २०२१ साली त्याहून वर आलं, आणि तिथेही ते अजून उघडंच आहे.

मी सर्वसाधारण विम्याच्या कचेरीत दावे विभागात नोकरी केली. निवृत्त झाले तरी चिपळुणात माझी ओळख ‘विम्याच्या काकू’ हीच राहिली. आयुर्विमावाले हप्ते मागायला घरी येतात म्हणून ते लोकांना माहीत असतात. आमच्याकडे माणूस यायचा तो जळून, बुडून किंवा आपटून आल्यावरच. त्यामुळे एखाद्याचं नुकसान किती झालं हे मला त्याच्या नातेवाइकांच्या आधी कळायचं, आणि त्यातलं किती भरून निघणार नाही हेही.

२०२१ चा जुलै आठवा. २० तारखेला आषाढी एकादशी झाली, २१ ला बकरी ईद. मोहल्ल्यांमध्ये सण आटोपून लोक झोपले आणि त्या रात्री पाऊस जो लागला तो थांबेचना. २२ च्या पहाटे पाणी बाजारपेठेत होतं. गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर आलेली, म्हणजे समुद्राला उधाण. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि भरती गोवळकोटापर्यंत आत येते. वरून सह्याद्रीचं पाणी उतरतंय, खालून भरती दार लावून बसली आहे, मधे आमचं गाव. ज्यांनी २००५ ची रेघ लक्षात ठेवून सामान त्याच्या वर हातभर ठेवलं होतं, त्यांचं तेही सामान गेलं. लोक पोटमाळ्यावर चढले, तिथून कौलं काढून छपरावर गेले. महामार्गावरचा वाशिष्ठीचा पूल खचला, रेल्वे थांबली, आणि चिपळूण जवळपास बेट झालं. त्याच दिवशी महाडकडे तळिये गावावर डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यापुढे घरातल्या कपाटांचं बोलायला जीभ रेटत नाही, पण जे वाचले त्यांना पुढे त्याच घरात राहायचं असतं, म्हणून बोलते.

पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात माझ्या ओट्यावर लोक यायला लागले. कुणाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा ओला गोळा, कुणाकडे तेही नाही. “काकू, आमचा विमा आहे का बघा ना.” आपला विमा आहे की नाही हे माणसाला ठाऊक नसावं, हे विचित्र वाटेल. पण गृहकर्ज घेताना तीसेक ठिकाणी सह्या होतात, त्यात एक विम्याच्या अर्जावर असते. हप्ता कर्जाच्या खात्यातून परस्पर कापला जातो. पॉलिसीचा कागद बँकेच्या फायलीत जातो आणि तिथेच राहतो. त्या दिवसांत अशी काही माणसं माझ्यासमोर बसली होती ज्यांचा विमा होता, पुराला लागू होता, आणि ती सरकारी मदतीच्या रांगेत उभी राहून आली होती. उलट काही जण ठाम होते, “आमचा आहे, बँकेनं काढलेला.” तो निघाला कर्जदाराच्या आयुष्याचा. माणूस मेला तर कर्ज फिटेल. भिंत पडली तर नाही.

आणखी एक गोष्ट. बँकेनं काढलेला घराचा विमा पुष्कळदा कर्जाच्या रकमेएवढाच असतो. बँकेला तिचे पैसे परत मिळाले की बँकेची चिंता संपली. कर्ज फिटलं की तो विमाही बंद होतो. म्हणजे वीस वर्षं हप्ते भरून ज्या दिवशी घर खऱ्या अर्थानं तुमचं झालं, त्या दिवसापासून ते बिनविम्याचं. आपण त्या आनंदात पेढे वाटतो.

गंमत अशी की पूर आला त्याच वर्षी, १ एप्रिल २०२१ पासून, घरांसाठी एक चांगली पॉलिसी देशभर लागू झाली होती. ‘भारत गृह रक्षा’ तिचं नाव. विमा नियामकानं मसुदा ठरवून दिला आणि प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीनं ती विकलीच पाहिजे असं सांगितलं. नाव सरकारी जाहिरातीसारखं आहे, पण आतला मजकूर चांगला आहे. मी दावे नाकारण्याची कलमं वाचत आयुष्य घालवलंय, माझ्या तोंडून हे कौतुक सहज येत नाही.

यात पूर वेगळा मागावा लागत नाही. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीला असते. तिथे घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. त्यासाठी १९६८ पासून सरकारची वेगळी योजना आहे, तिचा हप्ता वेगळा, आणि पॉलिसी घेतल्यावर साधारणपणे ३० दिवस थांबल्याशिवाय ती लागू होत नाही. आमच्या पुरानंतर सहा आठवड्यांच्या आत तिच्याकडे आयडा वादळाचं पाणी तळघरांत शिरलं. तेव्हा फोनवर मी तिला आमच्याकडची पॉलिसी समजावून सांगितली तर तिला खोटंच वाटलं. पूर आयता आत, आणि तरी कुणी घेत नाही?

शिवाय पाणी कुठून आलं हे यात कुणी विचारत नाही. हे चिपळूणकरांसाठी मुद्दाम सांगते. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला येतं, वीज करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडलं जातं. वर्षाला ६७.५ टीएमसी. या अवजलानं त्या रात्री पूर वाढला की नाही, यावर चहाच्या टपरीवर अजून भांडणं होतात आणि ती व्हावीतही. पण पॉलिसीला पावसाचं पाणी, धरणाचं पाणी आणि भरतीचं पाणी सारखंच. घर जलमय झालं, एवढं पुरे.

रक्कम कशी ठरते ते नीट समजून घ्या, कारण इथेच लोक गडबडतात. विमा घराच्या बाजारभावाचा नसतो, ते पुन्हा बांधायला येणाऱ्या खर्चाचा असतो. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर. ६०० चौरस फुटांचं घर आणि दर २,००० रुपये धरला तर १२ लाख. जागेची किंमत यात येत नाही. बाजारपेठेतल्या मोक्याच्या जागेचा भाव कोटीत असेल, पण विमा भिंतींचा आणि छपराचा आहे. घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. म्हणजे या उदाहरणात २ लाख ४० हजार. फ्रिज, कपाटं, पलंग, गाद्या, वॉशिंग मशीन. अधिक हवं असेल तर यादी देऊन वाढवता येतं, दागिने वगैरे मौल्यवान वस्तू वेगळ्या नोंदवाव्या लागतात. घर राहण्याजोगं उरलं नाही तर भाड्याच्या जागेचा खर्च त्यात आहे. गाळ आणि पडझड उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आहे. ज्यांनी त्या जुलैत स्वतःच्या माजघरातून फावड्यानं गाळ काढला आणि ट्रॅक्टरवाल्यांनी सांगितलेले दर ऐकले, त्यांना हे २ टक्के काय असतात ते कळेल.

सगळ्यात मोठा बदल मात्र कागदावर फारसा दिसत नाही. पूर्वीच्या पॉलिसीत ‘ॲव्हरेज’चं कलम असायचं. घर २० लाखांचं, विमा तुम्ही हप्ता वाचवायला १० लाखांचा काढला, नुकसान झालं ४ लाखांचं, तर हातात पडायचे २ लाख. निम्मा विमा, निम्मी भरपाई. हे सांगताना समोरच्याचा चेहरा पाहण्याचं काम माझं होतं. गृह रक्षामध्ये हे कलम लावत नाहीत. घराची माहिती खरी दिली असेल तर विम्याच्या रकमेच्या आत जे नुकसान असेल ते पूर्ण. दुकानाच्या पॉलिसीत मात्र ही सवलत फक्त १५ टक्क्यांच्या तुटीपर्यंत आहे, तेव्हा खाली दुकान आणि वर घर अशी इमारत असेल तर दोन्ही एकाच मापानं मोजू नका.

आता उणं काय ते. जमीन खचणं आणि दरड कोसळणं या पॉलिसीत आहे, पण समुद्रानं किंवा नदीनं किनारा खाऊन घर गेलं तर नाही. रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर समुद्र दर पावसाळ्यात बंधाऱ्याशी काय करतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या एका ओळीचा अर्थ समजेल. त्याच कलमात भरावाच्या जमिनीचं खचणंही वगळलं आहे. आणि आपल्याकडे गेली कित्येक वर्षं काय चाललंय? पाणथळ भातखाचरं लाल मातीनं भरायची, वर तीन मजले चढवायचे आणि त्याला ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणायचं. गृहप्रकल्पाची पत्रिका चकचकीत असते. आधी तिथे काय होतं ते तिच्यात नसतं.

एवढी बरी पॉलिसी असताना लोक ती का घेत नाहीत? मला मिळालेली उत्तरं सांगते.

पहिलं, “पाणी काय दरवर्षी येतं?” नाही येत. २००५ नंतर एवढं मोठं यायला सोळा वर्षं गेली. पण सोळा वर्षं हप्ता भरला असता तर तो किती झाला असता, हेही मोजा. माझ्या घराचा वर्षाचा हप्ता माझ्या स्कूटरच्या विम्याहून कमी आहे. त्या स्कूटरची किंमत आज भंगारवालाही हसून सांगेल.

दुसरं उत्तर कुणी मोठ्यानं देत नाही, पण खरं तेच आहे. “सरकार देतंच की.” २०२१ ला सरकारनं दिलं, खोटं कशाला बोलू. कपड्यांसाठी ५ हजार, भांड्यांसाठी ५ हजार. घर पूर्ण पडलं तर दीड लाख, निम्मं पडलं तर ५० हजार, त्याहून कमी पडझडीला २५ हजार आणि १५ हजार. दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार. ही मदत आहे आणि त्या वेळी तिचा आधार झाला. पण नीट बघा, ती पडझडीची आहे. जांभ्या चिऱ्याचं घर पुरात सहसा पडत नाही. ते उभं राहतं आणि आतून नासतं. गिलावा सुटतो, वायरिंग जातं, प्लायवूडचं स्वयंपाकघर फुगून उकलतं, दारं चौकटीत बसेनाशी होतात, पंप जळतो. तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा घर उभंच असतं. मग टक्का किती लिहायचा, यावर दारात वाद. त्याचाही दोष नाही, त्याच्या तक्त्यात फुगलेल्या प्लायवूडसाठी रकाना नाही. विम्याचा सर्व्हेअर बघतो तो नेमका हाच रकाना.

तिसरं उत्तर कोकणातलं खास आहे. “घर माझ्या नावावर कुठाय?” आजोबांच्या नावावर घर, आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली, वारसनोंद अर्धवट, एक काका डोंबिवलीला, एक आत्या बडोद्याला, गणपतीत सगळे एकत्र, वाटणीचा विषय निघाला की मोदक कडू. असल्या घराचा विमा काढताना हितसंबंध कुणाचा हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. पण यालाही वाट आहे. घरातल्या सामानाचा विमा राहणाऱ्याच्या नावे निघतो, भाडेकरूच्याही निघतो. त्याला उतारा लागत नाही. भिंती काकांच्या, आत्यांच्या आणि आजोबांच्या असतील. फ्रिज तुमचाच आहे ना? बंद घरांचं वेगळं. चाकरमानी मंडळींनी पॉलिसी घेतानाच विचारून घ्यावं की घर महिनोन्महिने बंद असलं तर काय अट आहे, आणि ते उत्तर लेखी मागावं.

चौथं कारण लोकांचं नाही, आमच्या धंद्याचं आहे. हजारभर रुपयांच्या पॉलिसीत एजंटला सुटतं काय? चार हेलपाटे, अर्ज, फोटो, आणि कमिशन वडापावपुरतं. तो साहजिकच गाडीचा आणि मेडिक्लेमचा विमा विकतो. २०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्यावरचा जीएसटी पूर्ण काढून टाकला. चांगलं झालं. घराच्या विम्यावर तो १८ टक्के तसाच आहे. पुरात घर गेलेल्याला मदत द्यायला सरकार तिजोरी उघडतं आणि तीच मदत स्वतःच्या पैशानं आधीच विकत घेऊ पाहणाऱ्याकडून कर घेतं. याचं समर्थन कुणी करून दाखवावं.

पण मी केवळ ‘विमा काढा’ असं सांगायला हा लेख लिहीत नाही. ते सांगून झालंय. पुरानंतरच्या पहिल्या दिवाळीत पुष्कळांनी विचारलं, थोड्यांनी काढला, दोन पावसाळे कोरडे गेले आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी नूतनीकरण सोडून दिलं. एकेकट्या माणसाच्या आठवणीवर ही गोष्ट सोडली की तिचं असंच होतं. माझं म्हणणं असं की पूररेषेच्या आतल्या प्रत्येक घराचा विमा नगरपरिषदेनं एकत्र, सामूहिक काढावा आणि त्याचा हप्ता घरपट्टीच्या बिलात लावावा.

पूररेषेचं नाव काढलं की आमच्याकडे वातावरण तापतं. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल एवढ्याची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटींवर. २०२१ नंतर या रेषा आखून आल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांच्या आत गेला. त्या डिसेंबरात साखळी उपोषण झालं, नद्यांमधला गाळ काढा आणि या रेषा रद्द करा म्हणून. गाळाच्या मागणीला मी शंभर टक्के बरोबर होते. वाशिष्ठी आणि शिव यांच्या पात्रातला गाळ मग निघू लागला तो त्या रेट्यामुळे, आणि ते काम दरवर्षी व्हायला हवं. रेषा रद्द करण्याच्या मागणीला मात्र माझा तेव्हाही विरोध होता, आजही आहे. शेजाऱ्यांना तो पटत नाही. घराचा भाव पडतो, कर्ज मिळत नाही, वाडा पाडून नवा बांधता येत नाही, हे त्यांचं दुखणं खरं आहे. पण रेषा पुसली म्हणून पाणी वळसा घालून जात नाही. आपलं घर त्या नकाशात कुठे आहे हे विकत घेणाऱ्याला कळू नये, एवढंच त्यातून साधतं.

खरा अन्याय असा आहे की ही रेषा आजवर फक्त मनाई करायला वापरली गेली. तिच्या आत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला तिनं काहीच दिलं नाही. तुम्ही धोक्यात आहात, म्हणून बांधू नका. बरं. मग धोक्यात आहात, म्हणून हे संरक्षण घ्या, असं कुणी का म्हणत नाही? रेषेच्या आत विमा आपोआप असेल तर कदाचित बँकही कर्जाला इतकी कचरणार नाही.

यात नवं काही नाही. फ्रान्समध्ये १९८२ पासून घराच्या प्रत्येक विम्यावर नैसर्गिक आपत्तीसाठी ठरावीक अधिभार लागतो. टेकडीवर राहणाराही तो भरतो आणि नदीकाठचाही. तो १२ टक्के होता, पूर आणि दुष्काळ वाढले म्हणून २०२५ च्या जानेवारीपासून २० टक्के केला. म्हणजे तिथेही हे स्वस्तात निभत नाही. पण निभतं, कारण सगळे त्यात आहेत. फक्त बुडणारेच विमा काढणार असतील तर कुठलीही कंपनी दोन पुरांत दुकान बंद करील.

आता आक्षेप. महाराष्ट्रात हे केलं की काय होतं ते आपण पाहिलंय, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. २०२३ च्या खरिपापासून पीकविमा एका रुपयात दिला. बोगस अर्जांचा इतका सुळसुळाट झाला की दोन वर्षांत तो गुंडाळावा लागला. शेतकऱ्यांच्या अपघात विम्याचे दावे कंपन्या त्रुटी काढून अडवतात म्हणून २०२३ मध्येच सरकारनं तो विमा बंद केला आणि थेट अनुदान सुरू केलं. दोन्ही उदाहरणं मला पाठ आहेत. पहिल्यावरून मी एवढंच शिकले की हप्ता एक रुपया ठेवू नये. घरपट्टीच्या बिलात तो दिसला पाहिजे, थोडा टोचला पाहिजे, म्हणजे माणूस नगरसेवकाला विचारतो की हे कशाचे घेता आणि मला काय मिळतं. ज्याला परवडत नाही त्याचा हप्ता सरकारनं भरावा. आणि शेतात पीक होतं की नव्हतं यावर खोटं बोलता येतं, घराचं तसं नाही. घराला क्रमांक आहे, करआकारणी आहे, नळजोडणी आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. दाव्याच्या टेबलामागे मी बसलेली आहे. पुरानंतर पुण्या-मुंबईहून सर्व्हेअर येतात, प्रत्येकाकडे शंभर फायली. तो तुमच्या दारात पोचेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. तोवर रोगराई नको म्हणून नगरपरिषद सांगते, सगळा भिजका माल रस्त्यावर काढा. जेसीबी येतो, गाद्या, कपाटं, फ्रिज उचलून नेतो. सर्व्हेअर विचारतो, माल कुठे आहे? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधे घरमालक. २०२१ च्या त्या पंधरवड्यात मी येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते. टाकण्याआधी व्हिडिओ घ्या, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा, कंपनीच्या पाटीवरचे नंबर दिसतील असा, आणि तो लगेच मुंबईच्या नातेवाइकाला पाठवा. आणि भिजलेली गाडी ‘चालू होते का बघू’ म्हणून किल्ली फिरवू नका. ज्यांनी फिरवली त्यांच्या इंजिनात पाणी गेलं आणि दावाही पाण्यात गेला.

म्हणून सामूहिक विम्यात दोन टप्पे असावेत. पुलाजवळ नदीची इशारा पातळी आणि धोका पातळी मोजतातच. पाणी धोका पातळीच्या वर एका ठरलेल्या खुणेला लागलं की त्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला एक ठरावीक रक्कम, सर्व्हेअर नाही, पंचनामा नाही, फोटो नाही, सरळ खात्यात. गाळ काढायला, चूल पेटवायला, वायरमनला द्यायला. उरलेल्या नुकसानीचा हिशेब मग सावकाश, सर्व्हेअर येऊन. असं मोजमापावर चालणारं संरक्षण नागालँड सरकारनं २०२४ मध्ये राज्यासाठी घेतलंय. डोंगरातलं लहानसं राज्य ते करू शकतं तर एवढा लांब किनारा असलेल्या महाराष्ट्राला काय अडचण आहे, मला माहीत नाही. महाड आणि चिपळूण या दोन गावांपासून सुरुवात करावी. सावित्री आणि वाशिष्ठी दोघींनीही आपली पात्रता सिद्ध केलेली आहे.

विमा आला की गाळ काढायचं कुणी विसरेल, ही भीती मला आहे. पण दुसरीही बाजू आहे. सगळ्या शहराचा विमा एका कंपनीकडे असेल तर पुढच्या वर्षीचा हप्ता ठरवताना ती विचारील की नदीत गाळ किती, नाले मोकळे आहेत का, कोळकेवाडीतून पाणी सोडताना शहराला किती तास आधी कळवतात. हे प्रश्न आम्ही निवेदनं देऊन विचारतो आणि पोच घेऊन घरी येतो. ज्याचे कोट्यवधी रुपये पणाला लागलेत त्याला पोच देऊन परत पाठवता येत नाही.

नगरपरिषदेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत होतो, घरपट्टीची बिलं त्यानंतर निघतात, पाऊस जूनमध्ये लागतो. एवढ्या अवधीत निविदा काढून सामूहिक पॉलिसी घेता येते, मी असल्या पॉलिस्यांचे कागद हाताळलेले आहेत. बिलाच्या मागच्या बाजूला पॉलिसीचा क्रमांक, विम्याची रक्कम आणि दावा कुठे करायचा तो फोन नंबर मराठीत, मोठ्या टायपात छापावा. बिल भिजलं तरी हरकत नाही, नगरपरिषदेच्या यादीत नाव राहतं. फक्त ती यादी तळमजल्यावर ठेवू नये.